कारण चहाला विचारायचं

आमची रविवारची सायकलफेरी दीड तासाची असते आणि नंतरचा चहा दोन तासांचा. सायकलीने जेवढं वजन उतरतं तेवढं बनमस्क्याने परत चढतं, हिशोब बरोबर! वाढतात ते फक्त किस्से. माझी बायको विचारते, "तुम्ही चौघं सायकल चालवायला जाता की किस्से गोळा करायला?" खरं सांगायचं तर आता आम्हालाही नीट सांगता येत नाही. काही किस्से तर इतक्या वेळा सांगून झालेत की मुळात ते कोणाचे, यावरून टपरीवर भांडणं होतात. म्हणून म्हटलं, ताजे आहेत तोवर लिहून टाकू.

आधी आम्ही चौघं कोण ते सांगतो. मी शिरीष. डोंबिवलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसत नाही, यावर माझं घर चालतं! दुसरे देवधर सर, वय एकाहत्तर, आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. सायकल चालवायलाही ते भूमितीसारखीच शिकवतात, आधी नियम, मग सिद्धता. तिसरे बाळारामशेठ म्हात्रे, इथले मूळचे. डोंबिवलीतल्या निम्म्या बिल्डिंगा ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिथे कधीतरी त्यांच्या घराण्याचा भात नाहीतर मीठ पिकलेलं आहे. त्यांना डॉक्टरने साखरेवरून दम भरला म्हणून ते आले. आणि चौथ्या निर्मलाताई गायकवाड. कोपरला राहतात, पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून मागच्या वर्षी रिटायर झाल्या. साठाव्या वर्षी सायकल शिकल्या. त्यांच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.

* * *

पहिल्याच रविवारी सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं, अगदी प्रार्थनेला करतात तसं.

"एकामागे एक चालायचं. पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढचा जे ओरडेल ते मागच्याने ओरडायचं. पुढचा जे करेल ते मागच्याने करायचं. थांबला की थांबायचं, वळला की वळायचं."

शेठनी हात वर केला. "पन सर, कशापायी थांबलाव ता तरी..."

"कारण चहाला विचारायचं!" सर म्हणाले. "रस्त्यावर चर्चा नाही."

निघालो. पुढे सर. दहा पावलांवर सर ओरडले, "खड्डाऽऽ, डावीकडे!" मागून शेठ "खड्डाऽऽ!", ताई "खड्डाऽऽ!", शेवटी मी "खड्डाऽऽ!" भाजीवाली दचकून आमच्याकडे बघायला लागली. पुढे पंधरा पावलांवर पुन्हा खड्डा. मग उजवीकडे खड्डा. मग दोन्हीकडे खड्डा. एमआयडीसीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सरांचा घसा बसला. ते बाजूला थांबले, पाणी प्यायले, जरा विचार केला आणि म्हणाले, "नियमात दुरुस्ती. पावसाळ्यापुरती. आता जिथे खड्डा नसेल, तिथेच मी ओरडेन."

त्यानंतर पूर्ण अर्धा तास सर गप्प होते. घराजवळच्या गल्लीत आलो तेव्हा एकदाच ओरडले, "रस्ताऽऽ!"

* * *

बाळारामशेठनी कुठलीही गोष्ट कधी छोटी केलेली नाही. आमच्या तिघांच्या मिळून होणार नाहीत इतक्या गिअरची सायकल त्यांनी आणली. वर हेल्मेट, गॉगल, बोटं उघडी राहणारे हातमोजे. आणि मागे ड्रायव्हरसकट त्यांची पांढरी मोठी गाडी, चारही दिवे लुकलुकत, ताशी दहाच्या वेगाने. "सेफ्टी पायजे ना!" शेठ म्हणाले. त्या सेफ्टीच्या मागे तीन बसेस, दोन टँकर आणि एक लग्नाचा बँड अडकला होता.

गाडी सरांनी पुढच्याच रविवारी बंद करवली. पण शेठना डावीकडे ठेवणं काही जमेना. शेठ रस्त्याच्या बरोबर मधून चालवायचे, छाती पुढे काढून. मागून हॉर्न वाजला की मागे वळून हात हलवायचे, जणू कोणी ओळखीचाच भेटलाय.

सर एकदा वैतागले. "शेठ, कडेने चला हो!"

शेठ तिथेच थांबले. पाय टेकवला आणि म्हणाले, "सर, यो रस्ता आमचे आजाचे शेतानशी गेलाय. आमचेच शेतान मी कडंकडंनी जाऊ?"

आम्हाला वाटलं, झालं, आता काही खरं नाही! पण सरांनी चाळीस वर्षं नववीचे वर्ग सांभाळलेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "शेठ, आजोबा शेतात जायचे तेव्हा भात तुडवत मधून जायचे, की बांधावरून?"

शेठनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे. मग हळूच सायकल डावीकडे घेतली. "बांधावरनं," ते म्हणाले. "ता खरा हाय."

तेव्हापासून रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला आमच्यात बांध म्हणतात. आणि शेठसारखा बांध सांभाळणारा माणूस आख्ख्या कल्याण-डोंबिवलीत मिळणार नाही. परवा एक स्कूटरवाला चुकीच्या बाजूने समोरून आला, तर शेठ त्याच्यावर ओरडले, "ए, बांध उतर!" तो बिचारा खरंच उतरला.

* * *

हा किस्सा माझा. यावर कोणी हक्क सांगू नये.

उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना एका दाराएवढं अंतर सोडून जायचं, हा सरांचा नियम. कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही. मला तो नियम अति वाटायचा. एके दिवशी मानपाडा रोडला मी अंतर सोडून चाललो होतो, ते सर पुढे होते म्हणून. आणि खाडकन एका गाडीचं दार उघडलं! दाराचं टोक माझ्या हँडलपासून वीतभर लांब. अंतर सोडलं नसतं तर हे लिहायला मी नसतो, निदान दातांसकट नसतो.

गाडीतला माणूस खाली उतरला. माणूस सज्जन. हात जोडून म्हणाला, "सॉरी सॉरी साहेब, खरंच दिसलं नाही हो!"

मी खिशातून दुकानाचं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी आला. दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच!

* * *

आता निर्मलाताई. नर्सच्या नोकरीत त्यांनी रक्त बघितलं, रात्रपाळ्या बघितल्या, मोठमोठ्या डॉक्टरांना "हात धुतले का?" म्हणून विचारलं. पण सायकल कधी चालवली नव्हती. घरी वडिलांची एकच सायकल होती. वडील कंपनीत जायचे, सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ त्यावर शिकले. ताईंनी मागितली तेव्हा त्यांची आई म्हणाली, "पोरीच्या जातीला सायकल कशाला? हातपाय मोडून घेशील." विषय संपला. ताई हे हसत सांगतात. पण एकदा चहाचा ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पन्नास वर्षं झाली, पण मला अजून ते लागतं." शेठनी स्वतःचा बनमस्का त्यांच्याकडे सरकवला. शेठच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

ताईंचा मुलगा संदीप, एका कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. मुलगा चांगला, आईवर जीव. दोन वर्षांपूर्वी ताई बाथरूममध्ये घसरून मनगट मोडून बसल्या, तेव्हा दीड महिना त्यांची वेणी त्याने घातली. तेव्हापासून तो घाबरलेला आहे. आईने सायकल घेतल्याचं कळलं तेव्हा त्याने एकच अट घातली.

"आई, एकदा पडलीस ना, फक्त एकदा, की सायकल माळ्यावर. कायमची. नंतर मग रडायचं नाही."

ताईंनी अट मान्य केली. आणि त्या दिवसापासून आमच्या रांगेत ताईंची सायकल जणू काचेची झाली. त्यांच्या मागे चालवताना आम्हीच श्वास धरून असायचो.

* * *

वळायचं असेल तर आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं. ताई हे सगळं पुस्तकात दाखवावं तसं करायच्या. पहिल्यांदा भर ट्रॅफिकमध्ये त्यांनी हे केलं ते कोपरच्या पुलाखाली. मागे बघितलं. उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढला.

कच्चकन ब्रेक दाबून एक रिक्षा त्यांच्या शेजारी थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, ताईंच्या हाताकडे बघितलं, हात जिकडे दाखवत होता तिकडे बघितलं आणि म्हणाला,

"तिकडे नाही जाणार!"

आणि निघून गेला.

* * *

ताई रस्त्यावर चोख होत्या. पण त्यांची एक खोड होती. चालवताना नाही, थांबताना! थांबायची जागा दिसली, ओळखीचा माणूस दिसला, की पाय जमिनीला लागायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. आणि बोलणं सुरू झालं की पाय टेकवायचा राहायचा.

सर दर रविवारी सांगायचे, "ताई, आधी पाय, मग तोंड!"

"हो सर," ताई म्हणायच्या. म्हणायच्या तेव्हाही पाय पेडलवरच असायचा.

सुरुवातीचे दोन महिने टपरीवर त्या थांबत नसत, धडकत असत. टपरीपाशी विजेचा खांब होता, त्याला मिठी मारून उतरायच्या. मग महावितरणने खांब हलवला. पुढच्या रविवारी ताई "अहो काय झालं माहितीये का..." म्हणत आल्या आणि खांब नाही हे बघून त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं. ते शेठ होते. शेठच्या हातातला चहा शेठच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

"ताय," शेठ शर्ट झटकत म्हणाले, "मी मानूस हाय का ईजेचा खांब?"

तरी त्या दिवसापासून ताई यायची वेळ झाली की शेठ चहा खाली ठेवून, दोन्ही पाय फाकवून, जुना खांब होता बरोबर त्या जागेवर जाऊन उभे राहायचे. न सांगता!

* * *

देवधर सरांबद्दल एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी, कारण ती ते स्वतः सगळ्यांना सांगतात. आम्हाला सांगितली आहे, टपरीवाल्याला सांगितली आहे, पंक्चर काढणाऱ्याला तर तो पंक्चर काढत असताना सांगितली आहे. "वयाच्या दहाव्या वर्षापासून सायकल चालवतोय. एकदाही पडलेलो नाही. एक-दा-ही!"

यातला प्रत्येक 'दा' खरा आहे. कारण सर सिग्नल पाळतात. सकाळी सहा वाजता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, लाल दिवा लागला की सर थांबतात. सर थांबले की नियमाप्रमाणे आम्ही थांबतो.

एकदा असेच थांबलो होतो. बाजूच्या चौकीतून एक हवालदार जांभई देत बाहेर आले. चार सायकलवाले ओळीने रिकाम्या चौकात उभे. ते काळजीने जवळ आले.

"काय झालं काका? चेन पडली का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग कोणाला बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही. सिग्नल लाल आहे."

हवालदारांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत तोंड करून ओरडले, "अरे पाटील, आपला सिग्नल चालू आहे!"

* * *

सायकलीचं वळण अंगात कसं मुरतं बघा. बुद्धपौर्णिमेला कोपरच्या विहारात खीर असते. ताईंनी आम्हाला आग्रहाने बोलावलं होतं. रांग ही एवढी लांब, प्रत्येकाच्या हातात गरम खिरीचा द्रोण, पोरं मधून पळतायत, धक्काबुक्की. दरवर्षी निम्मी खीर लोकांच्या नव्या पांढऱ्या कपड्यांवर जाते, असं ताईच म्हणाल्या होत्या.

ताई द्रोण घेऊन वळल्या, समोरून एक छोटी मुलगी आडवी धावली, आणि ताईंनी एक हात उंच करून आवाज दिला, "थांबतेयऽऽ!"

मागून शेठ, "थांबतोयऽऽ!" मग सर. मग मी. आणि आमच्या मागचे पन्नास-साठ लोक जागच्या जागी थांबले! मुलगी पळून गेली. ताईंनी हात खाली घेतला. रांग निघाली. पुढे पायरी आली तेव्हा ताईंनी "पायरीऽऽ!" म्हटलं, आणि या वेळी मागून आख्खी रांग ओरडली, "पायरीऽऽ!" एका आजोबांना तर ते इतकं आवडलं की पायरी संपल्यावरही ते ओरडत होते.

त्या वर्षी कोणाच्या अंगावर खिरीचा एक थेंब सांडला नाही.

संदीप चपला काढायच्या जागी उभा राहून हे बघत होता. घरी जाताना तो आईला म्हणाला, "अगं, पब्लिकमध्ये काय ओरडता तुम्ही लोक? सगळे बघत होते." पण जरा वेळाने त्यानेच विचारलं, "तुला खरंच जमतं का गं? ट्रॅफिकमध्ये?"

"बघ येऊन," ताई म्हणाल्या.

* * *

आता शेवटचा. हा आम्ही टपरीवर फारसा सांगत नाही. सांगायला घेतला की चौघांपैकी कोणीतरी एक चहाचे पैसे द्यायला म्हणून उठतो आणि तिकडेच उभा राहतो.

ताईंची आई कल्याणला असते, धाकट्या भावाकडे. वय चौऱ्याऐंशी. ताईंनी ठरवलं की कोपरहून कल्याणला आईच्या दारापर्यंत सायकलने जायचं आणि दारात घंटी वाजवायची. आईला सांगायचं नाही. पुढे ताई, मग सर, मग शेठ, मग मी. आणि सगळ्यात मागे मोटरसायकलवर संदीप, परीक्षक म्हणून. अट तीच. पडली की माळा.

आदल्या दिवशी तो खरंच माळा रिकामा करत होता, असं ताईंनी सांगितलं. "जागा करून ठेवली माझ्या सायकलीची," म्हणाल्या. हसल्या नाहीत.

सकाळी निघालो. ताईंनी ओढणी कमरेला घट्ट बांधली होती, हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला होता. आणि काय चालवली त्यांनी! कोपरच्या पुलाचा चढ एका लयीत, बांध न सोडता. खाली बस थांबलेली होती. डावीकडच्या फटीतून घुसायचा मोह आम्हा सगळ्यांना व्हायचा. ताई बसच्या मागे थांबल्या, हात वर, "थांबतेयऽऽ!" मागे आमचे तीन आवाज. सगळ्यात मागे संदीप, हेल्मेटच्या आतून, "अरे यार..."

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे, स्टेअरिंग शिकणारे, सगळी जत्रा होती. ताई त्यातून घंटी वाजवत, कोणाला न लागता, कोणाला न घाबरवता गेल्या. एका ठिकाणी वळायला हात दाखवला तर पुन्हा एक रिक्षा थांबली. "कुठे जायचंय मावशी?"

"कल्याणला," ताई म्हणाल्या. "माझी मी चाललेय!"

पत्रीपुलाजवळ एक ट्रक त्यांच्या शेजारी आला आणि त्याचा डावा दिवा लुकलुकायला लागला. संदीपने मागून हॉर्न लावला, सारखा, सारखा, पुढे जा म्हणून. ताईंनी घाई केली नाही. वेग कमी केला, ट्रकला आधी वळू दिलं, तो पूर्ण गेल्यावर मागे बघितलं आणि मग निघाल्या. सर मागे वळून मला म्हणाले, "पैकीच्या पैकी." सरांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. भूमितीतसुद्धा अक्षरासाठी अर्धा मार्क कापायचे.

संदीपचीच अवस्था वाईट होती. सायकलच्या वेगाने मोटरसायकल चालवायची म्हणजे सारखा क्लच दाबून. बाइक दोनदा बंद पडली. मागचे लोक त्याला हॉर्न मारत होते, आम्हाला कोणी नाही!

कल्याणात शिरलो. मुख्य रस्ता सोडून ताई त्यांच्या माहेरच्या गल्लीत वळल्या. गल्ली नवीकोरी काँक्रीटची. महिन्याभरापूर्वीच झाली होती, इतकी गुळगुळीत की मुलं तिथे कॅरम खेळली असती. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. झालं होतं सगळं. वीस पावलांवर दार होतं आणि दारात ताईंची आई, काठी घेऊन, सकाळच्या उन्हाला बसलेली.

ताईंनी घंटी वाजवली.

म्हातारीने मान वर केली. आधी हेल्मेट बघितलं, मग सायकल, मग हेल्मेटच्या आतला चेहरा. तिच्या हातातली काठी खाली पडली.

"आई," ताई म्हणाल्या, "बघ, मी..."

पाय पेडलवरच होता.

सायकल आधी जरा थबकली. मग ताई आणि सायकल, दोघी मिळून, अगदी सावकाश डावीकडे कलल्या आणि काँक्रीटवर आडव्या झाल्या. लागलं काही नव्हतं, ताई लगेच उठून बसल्यासुद्धा. पण पडल्या होत्या. दिवसाढवळ्या, मुलाच्या समोर. त्यांनी उठून आधी आईकडे नाही बघितलं, संदीपकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. साठ वर्षांची बाई नव्हती ती, मार खायची वाट बघणारी दहा वर्षांची मुलगी होती.

संदीप बाइकवर बसलेला, एक पाय खाली, हेल्मेटची काच वर केलेली.

देवधर सर ताईंच्या मागे चार हातांवर थांबले होते. त्यांनी ताईंकडे बघितलं, मागे वळून संदीपकडे बघितलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, मीच करून दिलेला, नीट घडी घालून खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि खणखणीत आवाजात ओरडले,

"खड्डाऽऽ!"

आणि एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा सर पडले. डाव्या बाजूला, सायकलसकट.

"खड्डाऽऽ!" शेठ ओरडले. शेठ पडले त्याचा आवाज पुढच्या गल्लीत गेला असणार. सगळे गिअर खडखडले.

मी कसला विचार करतोय! "खड्डाऽऽ!"

पडल्या पडल्या मान वळवून मी आधी पुढे, मग मागे बघितलं. पुढे ताई बसलेल्या, त्यांच्यामागे आम्ही तिघं रांगेत, एकामागे एक, बांध सांभाळून आडवे. खाली आरशासारखं काँक्रीट, त्यावर एक चीरसुद्धा नाही. संदीप त्या काँक्रीटकडे बघत होता. मग आईकडे बघितलं. मग दारातल्या आजीकडे. ती आता उभी राहिली होती, भिंतीला धरून, आणि तोंडाला पदर लावून थरथरत होती. हसत होती की रडत होती, ते खालून कळत नव्हतं.

संदीपने बाइक बंद केली. स्टँडवर लावली. किल्ली काढून खिशात टाकली, हेल्मेट आरशाला अडकवलं. माझ्या मागे येऊन उभा राहिला, इकडे तिकडे कोणी बघतंय का ते बघितलं. इस्त्रीचा शर्ट होता, तो जरासा वर ओढून घेतला.

"खड्डा," तो हळूच म्हणाला, आणि माझ्या मागे आडवा झाला.

मग आत चहा झाला. कारण कोणी विचारलं नाही.